फ्लूच्या हंगामातले कम्युनियन

अमेरिकेत फ्लूचा जोर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत असतो. साथ तीव्र असेल त्या वर्षी तिथल्या कॅथलिक बिशपांच्या कार्यालयांतून धर्मग्रामांना, म्हणजे स्थानिक चर्चना, एक पत्र जाते. पत्रातला मजकूर थोड्याफार फरकाने ठरलेला असतो. चषकातून द्राक्षारस देणे तूर्त थांबवावे, शांतीचे चिन्ह म्हणून हस्तांदोलन करू नये, ओस्ती शक्यतो तळहातावर घ्यावी, दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या कुंड्या रिकाम्या करून धुवाव्यात, कम्युनियन देणाऱ्यांनी हात निर्जंतुक करावेत आणि ज्यांना ताप-खोकला आहे त्यांनी घरीच थांबावे. जानेवारी २०१३ मध्ये बॉस्टन शहराने फ्लूमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तेव्हा तिथल्या महाधर्मप्रांताने अशाच सूचना काढल्या. २०१८ च्या जानेवारीत मेन राज्यातल्या पोर्टलंड धर्मप्रांतानेही तेच केले.

वाचायला हे आरोग्य खात्याच्या परिपत्रकासारखे वाटते. पण यातल्या काही गोष्टी एका ओळीच्या आदेशाने थांबतात, काहींवर वर्षानुवर्षे वाद चालतो आणि काहींना हात लावण्याचा अधिकार बिशपांनाच काय, पोपनाही नाही. हा फरक विषाणूमुळे पडत नाही. चर्चच्या कायद्यात कोणत्या गोष्टीचे स्थान काय आहे, त्यावर तो ठरतो.

मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना. येशूने वधस्तंभावर जाण्याआधी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाशी ती जोडलेली आहे. धर्मगुरू वेदीवर ओस्ती, म्हणजे गव्हाच्या पिठाची बिनखमिराची पातळ चकती, आणि द्राक्षारस यांवर प्रार्थना म्हणतो. त्यानंतर दिसायला ते पदार्थ तसेच राहतात, पण प्रत्यक्षात ते ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त झालेले असतात, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. त्या श्रद्धेत हे प्रतीक नसते, म्हणूनच नियम कमालीचे काटेकोर आहेत. भाकर निव्वळ गव्हाची हवी, द्राक्षारस द्राक्षांचाच आणि न नासलेला हवा, त्यात थोडे पाणी मिसळायला हवे. ओस्तीचा कण खाली पडला तर तो आदराने उचलायचा, द्राक्षारस सांडला तर ती जागा पाण्याने धुऊन ते पाणीही ठरावीक जागीच ओतायचे. शिल्लक राहिलेला द्राक्षारस तिथेच पिऊन संपवावा लागतो.

कम्युनियनच्या, म्हणजे हे पदार्थ भाविकांना देण्याच्या, वेळी लोक रांगेने पुढे येतात. देणारा ओस्ती किंचित वर धरून ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतो, घेणारा ‘आमेन’ म्हणतो आणि ओस्ती जिभेवर किंवा तळहातावर स्वीकारतो. तळहातावर घेताना डावा हात वर, उजवा खाली. ओस्ती ठेवली गेली की उजव्या हाताच्या बोटांनी उचलून, जागा सोडण्याआधी तोंडात घालायची. जिथे चषकही दिला जातो तिथे दोन पावलांवर दुसरी व्यक्ती उभी असते. प्रत्येकाचा घोट झाला की ती तागाच्या रुमालाने चषकाची कड आतून-बाहेरून पुसते, चषक थोडा फिरवते आणि पुढच्याच्या हातात देते. गर्दीच्या रविवारी एकाच चषकाला पन्नास-साठ ओठ सहज लागतात. फ्लूचा विषय निघाला की पहिली नजर चषकावर जाते, ती त्यामुळेच.

आणि पहिल्यांदा थांबतो तोही चषकच. गंमत अशी की सामान्य कॅथलिकांच्या ओठांशी तो परत येऊन फार काळ झालेला नाही. पहिली हजार-अकराशे वर्षे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये लोक भाकर आणि द्राक्षारस दोन्ही घेत. बाराव्या-तेराव्या शतकांत चषक हळूहळू फक्त धर्मगुरूपुरता उरला. बोहेमियात यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी तो परत मागितला, तेव्हा कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने १५ जून १४१५ रोजी लोकांना चषक न देण्याची रूढी हाच कायदा असल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात हुसला जाळण्यात आले आणि चषक हे हुसपंथीयांच्या झेंड्यावरचे चिन्ह बनले. परिषदेच्या बाजूने लिहिणाऱ्या झाँ गेरसोँ या पॅरिसच्या विद्वानाने १४१७ मध्ये चषक न देण्याची जी कारणे दिली, त्यांत द्राक्षारस सांडण्याची भीती आहे, पुरुषांच्या दाढीला तो लागण्याची तक्रार आहे, उन्हाळ्यात त्याचा शिर्का होण्याची अडचणही आहे.

या निर्णयाला आधार देणारा सिद्धान्त आजच्या फ्लूच्या पत्रांतही कामाला येतो. ख्रिस्त भाकरीत अर्धा आणि द्राक्षारसात अर्धा असा नसतो, दोन्हींपैकी कशातही तो संपूर्ण असतो, असे हा सिद्धान्त सांगतो. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये तो ठामपणे मांडला. म्हणजे ज्याने फक्त ओस्ती घेतली त्याचे काहीच कमी होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये काही प्रसंगी लोकांना चषक देण्याची दारे पुन्हा उघडली, ती हा सिद्धान्त कायम ठेवूनच. परिषदेनंतरच्या नियमांनुसार दोन्ही घेण्याने भोजनाचे चिन्ह अधिक पूर्ण होते, मात्र कृपा वाढत नाही. अमेरिकेत रविवारच्या मिस्सांत चषक देण्याची मोकळीक १९७८ नंतर मिळाली. साडेपाचशे वर्षांनी आलेली ही गोष्ट एका परिपत्रकाने थांबवता येते आणि धर्मशास्त्राचा पंडितही त्यावर आक्षेप घेत नाही. लोकांना वाईट वाटते, ते वेगळे.

चषक थांबवणे वैद्यकीयदृष्ट्या कितपत गरजेचे आहे, याचे उत्तर मात्र तितके सोपे नाही. द्राक्षारसात मद्यार्क असतो आणि चषक चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेला असतो, त्यामुळे जंतू मरतात, असे भाविक मोठ्या खात्रीने सांगतात. ही समजूत फारशी टिकत नाही. द्राक्षारसातला मद्यार्क बारा-चौदा टक्क्यांच्या आसपास असतो, हात निर्जंतुक करायच्या द्रवात तो किमान साठ टक्के लागतो. चांदीचा परिणाम होतो, पण सावकाश, आणि दोन भाविकांमध्ये जेमतेम काही सेकंदांचे अंतर असते. खरे काम करतो तो रुमाल. ब्रिटनमध्ये १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कड पुसल्याने जीवाणूंची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उरलेले दहा टक्के असतातच, आणि रुमाल ओला होत गेला की पुसण्यालाही मर्यादा येते.

दुसऱ्या बाजूला, चषकामुळे साथ पसरल्याचे उदाहरण शोधायला गेले तर सापडत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तज्ज्ञांनी १९९८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून हेच सांगितले. धोका तात्त्विकदृष्ट्या आहे, पण सामायिक चषकातून संसर्ग झाल्याची नोंद नाही. त्याच्या आदल्या वर्षी ६८१ लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. रोज चषक घेणारे, आठवड्याला घेणारे आणि कधीच चर्चला न जाणारे यांच्या आजारपणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. यावरून चषक सुरक्षित असल्याचे सिद्ध होत नाही, कारण शहरात हजारो लोक खोकत असताना कोणाला कुठून लागण झाली हे सांगणे जवळजवळ अशक्य असते. पण चषक बंद केला की साथ आटोक्यात येईल, असा दावाही त्यावरून करता येत नाही.

फ्लू मुख्यतः खोकणे, शिंकणे, बोलणे यांतून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांनी पसरतो. पृष्ठभागांवरूनही पसरू शकतो. हा विषाणू धातू-प्लास्टिकसारख्या कठीण पृष्ठभागावर एक-दोन दिवस तग धरू शकतो आणि हातांवर काही मिनिटेच टिकतो, असे १९८२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले. लागण झालेला माणूस लक्षणे दिसायच्या एक दिवस आधीपासून इतरांना आजार देऊ शकतो. हे सगळे एकत्र पाहिले तर तासभर शेजारच्या बाकावर बसून गाणारा आणि खोकणारा माणूस चषकापेक्षा अधिक धोक्याचा ठरतो. बिशपांच्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य बहुधा शेवटी असते आणि त्याची बातमी होत नाही: आजारी असाल तर येऊ नका. रविवारच्या मिस्साला हजर राहणे कॅथलिकांवर बंधनकारक आहे आणि विनाकारण चुकवणे हे गंभीर पाप मानले जाते. जुन्या वळणाचे वृद्ध भाविक ताप अंगावर काढूनही येतात ते त्यामुळे. आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल ही कारणे चर्चच्या शिकवणीत आधीपासूनच मान्य आहेत, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. तरीही बिशपांना ते दर वेळी लेखी सांगावे लागते.

चषक सामायिक असण्यावर प्रोटेस्टंट चर्चनी वेगळा तोडगा काढला. जंतूंचा शोध ताजा असताना, १८९० च्या दशकात, अमेरिकेतल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र छोटी पेली द्यायला सुरुवात केली. कॅथलिकांना त्या वेळी हा प्रश्नच पडला नाही, कारण त्यांच्या लोकांना चषक मिळतच नव्हता. आज प्रश्न पडतो, पण तो तोडगा चालत नाही. व्हॅटिकनच्या २००४ च्या नियमावलीप्रमाणे अभिमंत्रित द्राक्षारस एका पात्रातून दुसऱ्यात ओतणे टाळायचे आहे, आणि पात्रे काचेची, मातीची किंवा सहज मोडणारी चालत नाहीत. वापरून फेकायच्या पेल्यांचा तर विचारच नको. पेलीच्या तळाशी राहिलेला थेंबही कॅथलिकांच्या लेखी ख्रिस्ताचे रक्त असतो.

ओस्ती द्राक्षारसात बुडवून देणे हा दुसरा मार्ग नियमांत बसतो. पण बुडवायची ती देणाऱ्यानेच आणि घ्यायची ती जिभेवरच, कारण ओली ओस्ती हातात देता येत नाही. लोकांनी ओस्ती हातात घेऊन स्वतः चषकात बुडवायला मनाई आहे. आरोग्याच्या दृष्टीनेही ते बरेच आहे, कारण तशाने अनेकांची बोटे द्राक्षारसाला लागतात. कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत असलेल्या सिरो-मलबार चर्चसारख्या पौर्वात्य परंपरांत बुडवून देण्याची पद्धत परिचयाची आहे. बिझंटाइन परंपरेतले कॅथलिक तर द्राक्षारसात भिजलेली भाकर चमच्याने थेट तोंडात देतात, आणि चमचा ओठांना लागू न देण्याचे कसब तिथले धर्मगुरू सरावाने मिळवतात.

वाद खरा पेटतो तो जीभ की तळहात यावरून. चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या सिरिलच्या नावावर असलेल्या प्रवचनांत, राजाचे स्वागत करायचे आहे असे समजून डाव्या हाताचे उजव्यासाठी सिंहासन करा, असा उपदेश आहे. म्हणजे तेव्हा ओस्ती हातात घेतली जात होती. नवव्या-दहाव्या शतकांपर्यंत पश्चिमेत ती जिभेवर देण्याची रीत पडली आणि हजार वर्षे टिकली. विसाव्या शतकात काही युरोपीय देशांत लोक पुन्हा हातावर घेऊ लागले, तेव्हा पोप सहावे पॉल यांनी जगभरच्या बिशपांचे मत मागवले. ५६७ जणांनी होकार दिला, १२३३ जणांनी नकार. त्यामुळे १९६९ च्या आदेशात जिभेवर देणे हाच सर्वसाधारण नियम राहिला आणि जिथे हातावरची प्रथा रुजली आहे तिथल्या बिशपांच्या परिषदेला दोन-तृतीयांश मतांनी परवानगी मागण्याची सवलत मिळाली. अमेरिकेला ती १९७७ मध्ये मिळाली. सवलत म्हणून आलेली ही गोष्ट पुढे बहुतेक ठिकाणी नेहमीचीच झाली.

कायद्याच्या भाषेत मात्र क्रम उलटला नाही. २००४ ची नियमावली सांगते की भाविकाला ओस्ती जिभेवर घेण्याचा हक्क नेहमीच आहे. चषकाबद्दल असे वाक्य कुठेही नाही. त्यामुळे फ्लूच्या दिवसांत बिशप चषक सरळ बंद करतात, पण जिभेच्या बाबतीत त्यांच्या पत्रांत ‘शक्यतो’, ‘विनंती आहे’, ‘विचार करावा’ असे शब्द येतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या काळात काही ठिकाणी जिभेवर देणे पूर्ण बंद झाले, तेव्हा तक्रार व्हॅटिकनपर्यंत गेली. उपासनाविधी पाहणाऱ्या विभागाने उत्तरादाखल नियमावलीतल्या याच हक्काकडे बोट दाखवले. बंदीच्या बाजूने बोलणारे चर्चच्या कायद्यातले दुसरे कलम पुढे करतात. सर्वांच्या हितासाठी भाविकांच्या हक्कांच्या वापरावर मर्यादा घालण्याचा अधिकार त्यात धर्माधिकाऱ्यांना दिला आहे. दोन्ही बाजूंकडे लेखी आधार आहे आणि दोन्ही बाजू तो पाठ म्हणून दाखवतात.

जिभेवर देणे खरोखरच जास्त धोक्याचे आहे का, यावरही एकमत नाही. मार्च २०२० च्या सुरुवातीला ओरेगनमधल्या पोर्टलंड महाधर्मप्रांताने डॉक्टरांचा सल्ला घेऊन जाहीर केले की नीट दिल्यास दोन्ही पद्धतींतला धोका जवळपास सारखाच आहे. त्याच सुमारास इतर अनेक धर्मप्रांत जिभेवर देणे थांबवत होते. दोन्ही भूमिकांचे कारण रांगेच्या पुढे उभे राहिल्यावर कळते. गुडघे टेकलेल्या, मान मागे झुकवलेल्या, जीभ पुरेशी बाहेर काढलेल्या माणसाला सराव असलेला धर्मगुरू बोट न लावता ओस्ती देऊ शकतो. पण रांगेत उभा राहिलेला, देणाऱ्यापेक्षा उंच, घाईघाईने तोंड अर्धवट उघडून मिटणारा माणूस आला की बोटांना लाळ लागतेच, आणि तीच बोटे पुढच्या ओस्तीला लागतात. हातावर देताना लाळ लागत नाही. पण ते तळहात त्याआधी तासभर बाकाच्या पाठीवर, गीतपुस्तकावर, नोटांवर आणि शेजाऱ्याच्या हातात फिरलेले असतात, आणि घेणारा त्याच हाताच्या बोटांनी ओस्ती तोंडात घालतो. धोका टळत नाही, फक्त तो कोणी कोणाला द्यायचा ते बदलते. काही धर्मगुरूंनी काढलेला मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो: जिभेवर घेणाऱ्यांनी रांगेच्या शेवटी यावे, म्हणजे बोटांना लाळ लागली तरी मागे फारसे कोणी उरत नाही.

शांतीचे चिन्ह थांबवताना कोणाचेही काही बिघडत नाही. मिस्साच्या विधीपुस्तकातच लोकांना शांतीचे चिन्ह देण्याचे आवाहन ‘योग्य वाटल्यास’ करायचे आहे, आणि ते कसे द्यायचे हे त्या त्या देशाच्या बिशपांनी ठरवायचे आहे. अमेरिकेत हस्तांदोलन रुळले, कुटुंबीयांत मिठीही. फ्लूच्या पत्रात त्याऐवजी मान लववा, हसा किंवा हात हलवा असे लिहिलेले असते आणि पहिले एक-दोन रविवार लोक थोडे ओशाळून तसे करतात.

भारतात हा प्रश्न आधीच सुटलेला आहे, आणि त्यात फ्लूचा काही संबंध नव्हता. एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा बदलांना मंजुरी दिली. त्यांत शांतीचे चिन्ह हात जोडून देण्याची मुभा होती. पवित्र वस्तूंचे चुंबन घेण्याऐवजी त्यांना बोटांनी स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावण्याचीही सोय होती. हेतू भारतीय रीतीशी जुळवून घेण्याचा होता, आणि त्या काळी भारतीयीकरणाच्या नावाने त्यावर टीकाही भरपूर झाली. वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या मिस्सात शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करणारे लोक साथीच्या नियमांचे पालन नकळत करत असतात. शिवाय इकडच्या बहुतेक धर्मग्रामांत रविवारी लोकांना सहसा फक्त ओस्तीच मिळते. अमेरिकी पत्रातल्या पहिल्या दोन सूचना इथे आल्या तरी बदलायला फारसे काही उरत नाही.

उरतात जीभ आणि पवित्र पाणी. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला. मुंबई-पुण्यातल्या शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद झाली. मुंबई महाधर्मप्रांतानेही भाविकांना ओस्ती जिभेऐवजी हातावर घेण्याच्या सूचना दिल्या. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोके वर काढतो, त्यामुळे इथल्या सूचनांचे वेळापत्रक अमेरिकेशी जुळत नाही.

दारातल्या कुंडीत बोट बुडवून क्रूसाची खूण करणे ही सवय इतकी मुरलेली असते की कुंडी कोरडी असली तरी हात तिकडे जातोच. सार्वजनिक पाण्यात शेकडो बोटे बुडतात आणि ते रोज बदललेही जात नाही, त्यामुळे कुंडी रिकामी करण्यावर फारसा वाद होत नाही. २००९ च्या हिवाळ्यात इटलीत मिलानजवळच्या फोर्नाची इथल्या चर्चमध्ये हात पुढे केला की पवित्र पाण्याचे थेंब सोडणारे स्वयंचलित यंत्र बसवले गेले. विमानतळावरच्या साबणाच्या यंत्रासारखेच ते चालते. बातमी जगभर पोहोचली, काहींना हसू आले. पण पाणी वाहते ठेवण्याची कल्पना आरोग्याच्या दृष्टीने बिनचूक होती.

साथीच्या काळात उपासना कशी करायची, हा प्रश्न कॅथलिकांना नवा नाही. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा दिसेल. प्लेगग्रस्तांना ओस्ती देण्यासाठी लांब दांड्याचे चमचे आणि चिमटे युरोपात बनवले गेले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात चित्र वेगळे होते. लोकांना चषक मिळत नव्हता, हातावर ओस्ती मिळत नव्हती, शांतीचे चिन्ह वेदीपुरतेच होते. सौम्य करण्यासारखे काही उरलेच नव्हते, त्यामुळे चर्च उघडे ठेवायचे की बंद, एवढाच पर्याय होता. फिलाडेल्फियात ऑक्टोबरच्या सुरुवातीला चर्च बंद झाली आणि तिथल्या आर्चबिशपांनी धर्मभगिनींना रुग्णसेवेसाठी पाठवले. स्पेनमधल्या सामोराच्या बिशपांनी नेमके उलटे केले. त्यांनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, जाहीर केली, लोकांना एकत्र जमवले आणि संतांच्या अवशेषांचे चुंबन घेऊ दिले. सामोरातले मृत्यूचे प्रमाण स्पेनमधल्या सर्वाधिकांपैकी एक ठरले.

कोविडने फ्लूच्या पत्रातली प्रत्येक सूचना टोकाला नेली. २५ मार्च २०२० च्या व्हॅटिकनच्या आदेशाने पवित्र गुरुवारचे पाय धुणे वगळले आणि शुभ शुक्रवारी क्रूसाचे चुंबन फक्त धर्मगुरूपुरते ठेवले. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी प्रत्येकाच्या कपाळावर राख न लावता, सर्वांसाठी एकदाच शब्द उच्चारून ती मुकाट्याने डोक्यावर टाकायची होती. महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये बंद झालेली प्रार्थनास्थळे नोव्हेंबरमध्ये उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत उघडली. जीभ की हात हा वाद या काळात पुन्हा वर आला. ऑगस्ट २०२० च्या पत्रात व्हॅटिकनच्या उपासनाविधी विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रोबेर सारा यांनी भाविकांचा हक्क मान्य केला, आणि त्याचबरोबर अडचणीच्या काळात बिशपांनी काढलेल्या तात्पुरत्या नियमांचे पालन करण्यास सांगितले. स्वतः सारा हातावर देण्याचे मोठे टीकाकार. त्यांच्याच सहीने हे आल्यामुळे त्याला वजन आले.

बंदी उठवण्याचा क्रमही सारखा नसतो. फ्लूच्या हंगामानंतरची पत्रे साधारण इस्टरच्या आगेमागे येतात. पाण्याच्या कुंड्या लगेच भरल्या जातात, हस्तांदोलन लोक न सांगताच सुरू करतात. चषकाला वेळ लागतो, कारण त्यासाठी जास्तीची माणसे, पात्रे आणि रुमालांची धुणी लागतात, आणि एकदा सवय मोडली की धर्मग्रामाला ती परत लावून घ्यायची घाई नसते. कोविडनंतर अमेरिकेतल्या अनेक धर्मप्रांतांत चषक २०२२-२३ पर्यंत परतला नव्हता. धर्मगुरूला मात्र या सगळ्या काळात एकदाही चषक सोडता आला नाही. मिस्सा अर्पण करणाऱ्याने भाकर आणि द्राक्षारस दोन्ही घेतलेच पाहिजेत, नाहीतर मिस्सा पूर्ण होत नाही. अनेक धर्मगुरू मिळून मिस्सा करत असतील तर साथीच्या दिवसांत बाकीचे आपली ओस्ती चषकात बुडवून घेतात आणि मुख्य धर्मगुरू शेवटी चषक पितो.

लोकांपैकीही काहींसाठी चषक थांबवता येत नाही. गव्हातले ग्लूटेन ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी अत्यल्प ग्लूटेनच्या ओस्त्या मिळतात, पण ग्लूटेन अजिबात नसलेली ओस्ती चर्चला चालत नाही, कारण ती गव्हाची भाकरच राहत नाही. ज्यांना अत्यल्प ग्लूटेनही बाधते ते फक्त द्राक्षारसाने कम्युनियन घेऊ शकतात. कायद्यात तशी सोय आहे. सर्वांसाठीचा चषक बंद झाला की जाणत्या धर्मग्रामांत त्यांच्यासाठी वेगळा छोटा चषक वेदीवर ठेवला जातो. मुख्य चषक त्यांना देऊन भागत नाही, कारण ओस्ती मोडल्यावर धर्मगुरू तिचा एक तुकडा त्या द्राक्षारसात टाकतो.